श्वास दुसऱ्यांच्या हातात होता तेव्हा

सप्टेंबरातल्या एका सकाळी मी मागावर बसलो आणि उजव्या पायाखालची पावडी खाली जाईना. पावडी दाबली की ताण्याचे धागे वरखाली होऊन मधे वाट होते, त्या वाटेतून आडव्या धाग्याचा धोटा फेकायचा. हे काम मी वयाच्या चौदाव्या वर्षापासून करत आलो. पायांकडे लक्ष द्यावं लागत नाही, ते आपले चालतात. त्या दिवशी मी वाकून पाहिलं. पावडीत काही अडकलं नव्हतं. पाय पावडीवर होता, मी दाबत होतो, आणि काही होत नव्हतं.

"माग काहून थांबला?" माझ्या बायकोनं, वंदनानं, आतून विचारलं.

"काही नाही. पायाले मुंग्या आल्या."

मुंग्या दोन दिवसांपासून होत्या. त्याच्या पंधरा दिवस आधी मला जुलाब आणि ताप होऊन गेला होता. त्याचा अशक्तपणा असेल असं मी धरून चाललो. दुपारी मोरीकडे जाताना पडलो. ठेच लागली नाही, घसरलो नाही, गुडघे नुसते मिटले. संध्याकाळी उठून उभं राहायला वंदनाचा खांदा लागला.

ज्यांच्या घरात आत्ता असं कोणी पडून आहे त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. आजाराची माहिती डॉक्टर देतील. आत पडून राहिलेल्या माणसाला काय काय होतं ते मी सांगतो. माझी श्रद्धा त्यात कुठं टिकली आणि कुठं टिकली नाही, तेही लपवणार नाही.

मधलं दार

पवनीत आमचं घर एकच, पण मधलं दार दोन वर्षांपासून बंद होतं. पलीकडं माझा थोरला भाऊ शंकरदादा, त्याचा संसार आणि आमची माय. अलीकडं मी, वंदना आणि आमची मुलगी पल्लवी. ती तेव्हा दहावीत होती.

दार बंद व्हायचं कारण आमची प्रार्थना. आमचं दुसरं मूल पोटातच गेलं, त्यानंतर वंदना वर्षभर कोणाशी धड बोलली नाही. दवाखान्यातल्या एक नर्सबाई ख्रिस्ती होत्या. त्या दर आठवड्याला यायच्या, वंदनाजवळ बसायच्या, उठताना डोळे मिटून दोन शब्द प्रार्थना करायच्या. बाकी काही नाही. एक दिवस वंदना त्यांच्याशी बोलायला लागली, आणि बोलतच राहिली. हे मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून तिच्यामागं प्रार्थनेला गेलो. आधी दाराशी बसायचो, मग आत बसायला लागलो. कोणी ओढून नेलं नाही. येशूच्या पायाशी मला बरं वाटलं, एवढंच.

दादाला ते फार लागलं. नवरात्रात मी घटाच्या पूजेला बसलो नाही तेव्हा तो म्हणाला, "बापाच्या देवाले सोडलं तं भावालेबी सोडलं समज." त्या दिवसापासून बोलणं बंद. रस्त्यात समोर आला तर तो माझ्या खांद्यावरून पलीकडं बघायचा. माय मात्र मागच्या अंगणातून फिरून आमच्याकडे यायची.

वंदनाचा निर्णय

दुसऱ्या दिवशी सकाळी पल्लवी म्हणाली, "बाबा, अंगठा हलवा." मी हलवत होतो. अंगठा जागचा हलला नाही. तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि ती खोलीबाहेर गेली.

तासाभरात खोली भरली. माय आली, मुठीत अंगारा घेऊन. "मी म्हनतच होती, हा देवाईचा कोप हाये. एक जाणता हाये माह्या माहितीचा, त्याच्याकडे नेऊ याले." दुसऱ्या बाजूला आमच्या प्रार्थनेला येणारे एक वडीलधारे बंधू बसले होते. ते वंदनाला म्हणाले, "बहिणी, दवाखान्याच्या मागं धावणं म्हणजे अविश्वास. तीन दिवस उपास धरू, चौथ्या दिवशी भाऊ चालतीन."

दोघंही माझ्या भल्याचंच बोलत होते आणि दोघंही मला घाबरवत होते. मी खाटेवर पडून वंदनाकडं बघत होतो. ती माझ्या पायाशी उभी होती. तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला, दाबला, मला विचारलं, "उचलता येते?" मी मान हलवली, नाही.

ती वळली. "काल याईचे पाय गुडघ्यापरयंत गेल्ते. आता मांडीपरयंत गेले. हे वर चढून राहिलं. मले प्रभूनं डोळे देले ते पाहासाठीच ना? मी गाडी बोलावून राहिली."

 मायनं पुढं होऊन माझ्या कपाळाला अंगारा लावला. प्रार्थनेचे बंधू मान वळवून बसले. मला तो अंगारा पुसावासा वाटला नाही. आईचा हात होता तो. वंदनानंही पुसला नाही.

"उद्या नाही, आता"

भंडाऱ्यात एका छोट्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली. पाय उडायला हवा होता. त्यांनी चार वेळा मारली. मग कोपराला, मनगटाला. मग त्यांनी मला एका दमात आकडे मोजायला लावले. मी एकवीसपर्यंत पोचलो आणि थांबलो.

डॉक्टर तरुण होते. गोल गोल बोलले नाहीत. "हा नसांचा आजार आहे. जीबीएस म्हणतात. तापजुलाबानंतर कधी कधी शरीर आपल्याच नसांवर उलटतं. पायापासून वर चढत जातो. बहुतेक लोक बरे होतात. पण छातीपर्यंत आला तर श्वास घेता येत नाही, तेवढा काळ मशीन लागतं."

"बरे होतात" हे त्यांनी नीट सांगितलं होतं. मी ते ऐकलंच नाही. मला फक्त "वर चढत जातो" ऐकू आलं. त्यानंतर मी सगळा वेळ स्वतःच्या अंगावर पहारा करत पडलो. कंबर आहे का? आहे. बोटं? आहेत. अर्ध्या तासानं पुन्हा. दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनानं चहा चमच्यानं पाजला, तो गालातून बाहेर आला. नऊच्या सुमाराला मी आकडे मोजायला घेतले आणि सातवर माझा श्वास संपला.

डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "नागपूर. उद्या नाही, आता."

त्यांच्याकडचं श्वासाचं मशीन दुसऱ्या रुग्णाला लावलेलं होतं. मशीन असलेली गाडी लांब गेली होती, यायला तीन तास लागणार होते. माझ्याकडे तीन तास नव्हते. त्यांनी घशात नळी घातली, नळीला रबरी फुगा जोडला. तो हातानं दाबला की हवा आत जाते. नागपूरपर्यंत कोणीतरी तो दाबत राहायला हवा होता.

"सिस्टर सोबत येतील, पण त्यांच्या एकटीचा हात पुरणार नाही. घरचं कोण आहे?"

"मी हाये," दारातून आवाज आला.

शंकरदादा. मायनं सांगितल्यावर तो पहाटेच्या गाडीनं निघाला होता आणि सकाळपासून बाहेर उभा होता, आत आला नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, "जमेल का? चुकून चालणार नाही." दादा म्हणाला, "विणकर हाव मी. हात थकत नाही माह्ये."

डॉक्टरांनी त्याला तिथंच शिकवलं. दाबायचं, सोडायचं, मग चार मोजायचे, पुन्हा दाबायचं. घाई नाही, उशीर नाही.

कन्हानच्या पुलावर

गुंगीचं औषध दिलं होतं, पण ते पुरतं चढलं नव्हतं. मला ऐकू येत होतं. वंदना पुढं ड्रायव्हरजवळ बसली होती. पहिले काही किलोमीटर सिस्टरनं फुगा दाबला, मग तिच्या मनगटात गोळा आला. तेव्हापासून दादा.

"एक, दोन, तीन, चार." हवा आत. "एक, दोन, तीन, चार." हवा आत.

माझी छाती माझी राहिली नव्हती. माझा भाऊ दाबेल तेव्हा ती वर यायची. चारनंतर तो पाच म्हणाला असता तर मी काहीच करू शकलो नसतो. दोन वर्षं ज्या माणसानं माझ्याकडं पाहिलं नव्हतं त्याच्या मुठीत मी होतो. मी प्रार्थना करायला गेलो. सभेत मी पंधरा मिनिटं न थांबता प्रार्थना करायचो, लोक वाखाणायचे. गाडीत मला एक वाक्य जुळवता आलं नाही. "प्रभू" एवढाच शब्द यायचा आणि पुढचं सगळं भीती खाऊन टाकायची.

मौद्याला कन्हानच्या पुलावर गाडी थांबली. पुढं ट्रक आडवा झाला होता. ड्रायव्हर उतरून ओरडत होता, वंदना उतरली, तिचाही आवाज येत होता. आत ऊन तापलं होतं. दादाच्या कपाळाचा घाम माझ्या गळ्यावर पडत होता. सिस्टर म्हणाली, "द्या, मी घेते थोडं." दादा म्हणाला, "नाही. ताल मोडीन." त्यानं मोजणं थांबवलं नाही. मग एका चारनंतर, आकड्याच्या जागी, तो खाली वाकून म्हणाला, "मन्या, जाऊ नको."

लहानपणानंतर मला कोणी मन्या म्हटलं नव्हतं.

किती वेळ गाडी उभी होती मला माहीत नाही. वंदना सांगते, वीस मिनिटं. नागपूरच्या दवाखान्याच्या दारात डॉक्टरांनी फुगा हातात घेतला तेव्हा दादाची बोटं उघडत नव्हती. त्यांनी ती एक एक करून सोडवली.

आयसीयूचा दिवस

दिवस असा. सकाळी अंग पुसायचं. मग कूस बदलायची, दर दोन तासांनी, नाही तर पाठीला जखमा होतात. मग घशातला कफ नळीनं ओढायचा. त्याची मला सगळ्यात जास्त भीती. ओढताना काही क्षण हवा बंद होते. सिस्टर दरवेळी सांगायच्या, "काका, आता ओढते हं, तीन मोजा." त्या सांगायच्या ही मोठी दया होती. न सांगता करणारे हातही असतात.

हातपाय गेले होते, चेहरा गेला होता, पण दुखणं गेलं नव्हतं. पाठीत कोणी तापलेली सळई फिरवतंय असं वाटायचं आणि ते सांगायची सोय नव्हती. पापण्या तेवढ्या हलत होत्या. एकदा मिटलं की हो, दोनदा नाही. पल्लवीनं युक्ती काढली. ती बाराखडीतली अक्षरं एक एक म्हणायची आणि हव्या त्या अक्षराला मी पापणी मिटायचो. आमच्या प्रार्थनेच्या मंडळींना वाटलं होतं की मी पहिल्यांदा प्रभूचं नाव जुळवीन. मी जुळवलं ते "पाठ खाजव". पल्लवी हसली आणि हसता हसता रडायला लागली.

प्रार्थनेचे ते बंधू एकदा भेटायला आले. पायाशी उभे राहिले. "भाऊ, मी चुकलो होतो," म्हणाले. "बहिणीनं माह्यं ऐकलं असतं तं..."  मी एकदा पापणी मिटली.

तुळशीराम

पाचव्या दिवशी शेजारच्या खाटेवर एक माणूस आला. मला मान वळवता येत नव्हती, म्हणून तुळशीराम माझ्यासाठी आधी फक्त आवाज होता. साकोली तालुक्यातल्या एकोडीचा धानाचा शेतकरी. त्यालाही माझाच आजार. हातपाय गेले होते, पण श्वास त्याचा तो घेत होता आणि बोलू शकत होता. तो बोलतच राहायचा.

"भाऊ, तुमी बोलत नाही म्हणून मी दोघाचं बोलून राहिलो. कटाळले तं डोळे मिटा." मी मिटले तरी त्याला दिसणार नव्हतं. त्याचीही मान वळत नव्हती.

त्याला धानाची काळजी, लोंब्या बाहेर पडायचे दिवस होते. "आता निसवून राहिलं असन. पाणी कोण पाहात असन?" त्याची बायको, पुस्तकला, भेटीच्या वेळेला यायची. ती कमी बोलायची. आल्याबरोबर त्याच्या तळव्यांना तेल चोळायला घ्यायची.

वंदना माझ्याजवळ बसून हळू आवाजात प्रार्थना करायची. एकदा तुळशीराम म्हणाला, "बाई, तुमच्या देवाजवळ माह्यंबी नाव घ्या. आमच्या देवाले आमची मंडळी सांगूनच राहिली. दोन अर्ज असले तं बरं." पुस्तकला प्रथमच हसली. त्या दिवसापासून वंदना दोन नावं घ्यायची, आणि मीही. मनातल्या मनात, मोडक्यातोडक्या शब्दांत. प्रभू, मनोहर. प्रभू, तुळशीराम.

एका सकाळी माझ्या गळ्याजवळची नळी मशीनपासून सुटली. तोवर घशातली नळी काढून गळ्याला छिद्र केलं होतं. कूस बदलताना जोड सैल झाला असावा. मशीन ओरडायला लागलं, पण आयसीयूत कोणतं ना कोणतं मशीन सदा ओरडतच असतं, आणि दोन्ही सिस्टर टोकाच्या खाटेवर एका अत्यवस्थ बाईजवळ होत्या. मी छताकडं बघत होतो. हवा येत नव्हती. बुडणारा माणूस निदान हात मारतो. मी पापण्या मिटत होतो, मिटत होतो.

"सिस्टर!" तुळशीराम ओरडला. "ओ सिस्टर! या भाऊचा आवाज बदलला! मशीनचा आवाज बदलला, धावा!"

सिस्टर धावत आल्या. जोड बसला. छाती वर आली.

"हाये ना भाऊ?" तुळशीराम विचारत होता. "अगा सांगा ना कोणी, हायेत का ते?"

"आहेत," सिस्टर म्हणाल्या.

त्या दिवशी मी देवाचे आभार मानले ते मनापासून. माझी प्रार्थना त्यानं शेजारच्या खाटेवर ऐकली असं मला वाटलं.

म्हणूनच पुढचं सांगणं अवघड आहे.

आठ दिवसांनी, दुपारी, भेटीची वेळ संपली होती. वंदना आणि पुस्तकला बाहेर गेल्या होत्या. डॉक्टर सकाळीच तुळशीरामला म्हणाले होते की बोटांत जोर येतो आहे. तो धानकापणीचं काही सांगत होता. मधेच थांबला. मग हळूच म्हणाला, "भाऊ, छातीत कसंतरी होऊन राहिलं."

हे त्यानं मला सांगितलं. दुसऱ्या कोणाला ऐकू गेलं नाही.

मी ओरडलो. माझ्या डोक्यात मी इतका ओरडलो की भिंती हलाव्यात. बाहेर काहीच आलं नाही. मी पापण्या मिटल्या, छताला दाखवल्या. मग त्याच्या हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या मशीनची शिट्टी लागली, पावलं धावत आली, पडदा सर्रकन ओढला गेला. पडद्यापलीकडं खूप वेळ खूप लोक होते. नंतर एकेक करून गेले.

या आजारात कधी कधी हृदयाची लय बिघडते, असं डॉक्टरांनी नंतर वंदनाला समजावलं. माणसं लगेच आली होती, करायचं काही राहिलं नव्हतं. मला ते पटलं. पण माझ्या बाबतीत तो ओरडला होता, आणि त्याच्या वेळेला मी गप्प होतो. त्या गप्प राहण्यात माझा दोष नव्हता हे कळूनही ते सुटत नव्हतं.

दोनदा मिटलेल्या पापण्या

दुसऱ्या दिवशी वंदनानं विचारलं, "प्रार्थना करू?" मी पापण्या दोनदा मिटल्या. नाही.

तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा दोनदा.

पंधरा दिवस हेच. मला देवाशी बोलायचं नव्हतं. एका नावाला हो आणि दुसऱ्याला नाही, हे कसलं ऐकणं? वंदना रागावली नाही, समजावत बसली नाही. ती यायची, माझा हात हातात घ्यायची आणि वेळ संपेपर्यंत गप्प बसायची. तिचं मूल गेलं तेव्हा नर्सबाई तिच्याजवळ अशाच बसायच्या. दादा दर रविवारी पवनीहून यायचा.  एकदा तो माझ्या कानाशी म्हणाला, "बोलाले मोकळा हो लवकर. दोन वर्साचं भांडण बाकी हाये."

मग मशीन सोडवायची वेळ आली. पहिल्या दिवशी दोन मिनिटं. डॉक्टर समोर उभे, सिस्टरचा हात जोडावर. मशीन बाजूला झालं आणि छातीचं काम माझ्यावर आलं. मला वाटलं, नाही जमत, लावा, लावा परत. आणि त्या घाबरण्यात, मी ठरवलेलं नसताना, आत शब्द आला. श्वास घेताना "प्रभू". सोडताना "आहेस ना".

उत्तर मिळालं असं मी म्हणणार नाही. तुळशीरामचा प्रश्न तिथंच होता. पण ज्याच्यावर मी रागावलो होतो त्यालाच मी हाक मारली होती, आणि मला दुसरं कोणी ठाऊक नव्हतं. दोन मिनिटं झाली. दुसऱ्या दिवशी पाच. मग अर्धा तास. त्या संध्याकाळी वंदनानं विचारायच्या आधीच मी तिच्याकडं बघून पापणी एकदा मिटली. तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला.

घरी

मला घरी आणलं तेव्हा थंडी संपत आली होती. हात खांद्यापर्यंत उचलत होतो, पाय अजून नाही. आमच्या बाजूला चार पायऱ्या आहेत, चाकाची खुर्ची चढेना. दादानं मला आपल्या बाजूनं आत नेलं आणि मधल्या दाराची कडी काढली. गंजली होती, हातोडीनं ठोकावी लागली.

नंतर त्यानं ते लावलं नाही. मी काही म्हणायच्या आधी म्हणाला, "तुह्या देव तुह्याजवळ, माह्या माह्याजवळ. दार राहू दे उघडं. मायले मागून फिरून या लागते."

रोजची कसरत तोच करवून घ्यायचा. मी रडकुंडीला आलो तरी सोडायचा नाही. "आनखी पाच डाव." दोन वर्षांचं भांडणही आम्ही पूर्ण केलं, चांगलं मोठ्यानं. माझा आवाज घोगरा झाला होता, मधेच तुटायचा, तेव्हा दादा थांबायचा आणि आवाज परत आला की पुढं भांडायचा. त्याला माझा मार्ग पटला नाही. अजूनही पटलेला नाही.

एकोडी

होळी होऊन गेल्यावर मी काठी घेऊन चालायला लागलो आणि दादाला म्हटलं, "मले एकोडीले ने." त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही. एसटीनं साकोली, तिथून ऑटोनं एकोडी. रस्ताभर मी पुस्तकलाला काय सांगायचं ते जुळवत होतो. देवाची योजना, देवाची इच्छा, सभेत ऐकलेली सगळी वाक्यं मी घोकून पाहिली.

तिच्या अंगणात मोहफुलं वाळत होती. तिनं मला ओळखलं नाही, कारण तिनं मला कधी उभं पाहिलं नव्हतं. नाव सांगितल्यावर ती एकदम थांबली. खाट टाकली, पाणी आणलं. दादा ओसरीच्या कडेला बसला.

मी सांगितलं. छातीत कसंतरी होतंय हे तुळशीराम मला बोलला होता, ते मी ऐकलं होतं आणि मला कोणाला हाक मारता आली नव्हती. त्यानं माझ्यासाठी मारली होती.

ती मोहफुलं वरखाली करायला लागली. मग विचारलं, "आवाज कसा होता त्याईचा? दुखून राहिलं होतं का?"

"नाही. दुखल्यासारखा नव्हता. नवल वाटल्यासारखा होता."

तिनं मान हलवली. मग सरळ माझ्याकडं पाहून म्हणाली, "तुमच्या बाईनं त्याईच्यासाठीबी मांगलं होतं ना?"

"हो."

"अन् तुमी?"

"मीबी. रोज."

"मंग तुमी काहून उठले अन् ते काहून नाही?"

घोकलेलं एकही वाक्य तोंडात आलं नाही. मी म्हटलं, "मले माहीत नाही, बाई. मी त्यालेच विचारून राहिलो अजून."

ती खाली बसली. "सारे येऊन सांगून जातात मले. कोणी म्हणते नशीब, कोणी म्हणते करणी केली. तुमीच पयले म्हणले का माहीत नाही." मग पदरानं हात पुसून म्हणाली, "तुमी तवा मनात मांगत होते. मले कधी ऐकू आलं नाही. आज मांगा. माह्यासाठी अन् लेकराईसाठी. ऐकू येईन असं."

मी काठी बाजूला ठेवली. दादा ओसरीवरून उठला नाही, पण त्यानं टोपी काढून मांडीवर घेतली. आजारानंतर मी चारचौघांत मोठ्यानं कधी प्रार्थना केली नव्हती. मी डोळे मिटले आणि सुरू केलं. तुळशीरामचं नाव घेतलं, पुस्तकलाचं घेतलं, तिच्या दोन पोरींची घेतली. यांना उन्हात एकटं सोडू नको म्हणालो. पुढं "प्रभू, त्या दुपारी" असं म्हणायला गेलो आणि आवाज तुटला. गळ्यातून नुसती हवा यायला लागली. मी पुन्हा जोर केला. पुन्हा हवाच.

पुस्तकलानं माझ्यासमोर पाण्याचा गिलास धरला.

"राहू द्या, भाऊ," ती म्हणाली. "समजलं असन त्याले."